मोडीकाकांनी वाचलेला कौल

“सरकार बोलत नसतं, लिहितं. कागद बघू.”

एवढं म्हणून ते डावा हात पुढे करायचे. पंजा उघडा, बोटं जुळलेली. समोर कोण आहे याच्याशी त्या हाताला काही देणंघेणं नसायचं. रेशनकार्डातून नाव गळालेली बाई असो, बांधावरून भावाशी भांडून आलेला बार्शीकडचा माणूस असो, नाहीतर “वरून आदेश आलाय” असं सांगत आलेला एखाद्या ऑफिसचा शिपाई असो. हात तोच आणि वाक्यही तेच. कागद मिळेपर्यंत हात मागे जात नसे. एका शिपायाने गोंधळून त्या हातावर तंबाखूची पुडी ठेवली होती. काकांनी ती उलटसुलट करून पाहिली, “यावर सही नाही,” म्हणाले आणि परत दिली.

सोलापुरात आमच्या पेठेच्या तोंडाशी माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दुकान माझं स्वतःचं आहे, हे मी जरा जास्तच वेळा सांगते असं माझ्या मुलीचं म्हणणं आहे. असेना का. दुकानासमोर एक कडुनिंब आहे. त्याच्याखाली एक लाकडी टेबल, घडीची खुर्ची आणि पत्र्याची पेटी मांडून ते सकाळी दहाला बसायचे. अर्ज लिहून द्यायचे आणि जुने मोडीतले कागद वाचून द्यायचे. पेठ त्यांना मोडीकाका म्हणायची. खरं नाव सांगून इथे काही उपयोग नाही, त्या नावाने विचारत आलेल्याला आमच्यापैकी कुणी पत्ता सांगू शकलं नसतं.

मोडी म्हणजे आपल्याकडची जुनी धावती लिपी. लिहिणाऱ्याला सोपी आणि वाचणाऱ्याचा जीव घेणारी. अक्कलकोट, दुधनीकडची माणसं फडक्यात बांधलेले कागद घेऊन यायची. काका आधी कागदावरची धूळ दाढीच्या ब्रशाने झाडायचे. तो ब्रश नवा आणि खास कागदांसाठी राखलेला होता. स्वतःची दाढी ते जुन्या ब्रशाने करत आणि ती तशी दिसतही असे. मग भिंग लावून एकेक ओळ वाचायची, आणि फुलस्केपवर आपल्या साध्या देवनागरीत उतरवायची. अक्षर असं की माझ्या मशिनमधून त्याची प्रत निघाली की मशिनचीच इज्जत वाढल्यासारखं वाटायचं.

ही लिपी त्यांना कशी आली याची गोष्ट मला त्यांच्याकडून तुकड्यातुकड्याने कळली. तरुणपणी ते एका कचेरीत कारकून होते. एकदा वरिष्ठांनी तोंडी सांगितलं की उद्या मोठे पाहुणे यायचेत, तेव्हा कोपऱ्यावर चपला शिवणाऱ्या माणसाचं खोकं आज संध्याकाळपर्यंत हलवा. काका म्हणाले, “लिहून द्या.” वरिष्ठांनी लिहून दिलं नाही. त्यांनी काकांना दप्तरखान्यात टाकलं, म्हणजे तळघरात, जुन्या कागदांत. तिथे निवृत्तीला टेकलेला एक म्हातारा कारकून होता आणि त्याला मोडी येत होती. दोघांना दिवसभर दुसरा उद्योग नव्हता.

“शिक्षा देणाऱ्याचे उपकार आहेत माझ्यावर,” काका म्हणायचे.

“आणि त्या खोकेवाल्याचं काय झालं?” मी एकदा विचारलं.

ते पेनाचं टोपण लावत राहिले. “दुसऱ्या कारकुनानं उचललं. तोंडीच.” त्यानंतर बराच वेळ त्यांनी काही लिहिलं नाही. मला वाटतं, तो माणूस त्यांच्या मनातून कधी उठलाच नाही.

त्यांचा जीव होता तो कौलांवर. कौल म्हणजे राज्याने लोकांना लिहून दिलेलं अभय. हे मला त्यांनी समजावलं ते माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून, चहा पीत.

“पोवाड्यात लढाई असते, ताई. लढाई एका दिवसाची. कौलात बाजार असतो, तो दर आठवड्याचा. गाव दुष्काळानं, लुटीनं ओस पडलं की राजा काय करणार? तलवार उपसून बाजार भरवता येत नाही. मग तो लिहायचा. वाण्याला लिहायचा, कोष्ट्याला लिहायचा, धनगराला लिहायचा. या, बसा. इतकी वर्षं पट्टी माफ. आमचा माणूस तुमचा माल फुकट उचलणार नाही, तुम्हाला वेठीला धरणार नाही. अख्खा मुलूख ज्याच्यापुढं वाकायचा तो राजा घोंगडीवाल्याची मनधरणी करायलाय! वाचताना लई बरं वाटतं बघा.”

“आणि दिलेला शब्द मोडत नव्हते का?”

“मोडायचे की. मोडला की बाजार उठून दुसऱ्या गावाला जायचा. मग गावात राजा आणि कावळे.”

इतिहास वाचायची त्यांची ही तऱ्हा सगळीकडे चालायची. आमच्या घरच्या पूजेला ते आले होते. भटजी कथा सांगत होते. कथेतल्या राजाने वाण्याला चोर समजून कोठडीत टाकलं आणि त्याचा सगळा माल जप्त केला, असं आलं. मागून आवाज आला, “पंचनामा केला होता का?”

भटजी थांबले. “कथेत तसं काही नाही.”

“तेच म्हणतो मी. नवस विसरला म्हणून वाण्याला शिक्षा झाली, ठीक. विनापंचनामा जप्ती केली त्या राजाला काय झालं?”

माझ्या सासूबाई दोन दिवस धुमसत होत्या. पण प्रसादाचा डबा त्यांनीच भरून पाठवला, तोही वरपर्यंत.

सोलापूरकरांना एका गोष्टीचा फार अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. गोऱ्यांच्या काळात काही दिवस या शहरात इंग्रज सरकार उरलंच नव्हतं, मग मार्शल लॉ आला, माणसं फासावर गेली. शाळेतल्या पोरालाही हे पाठ असतं. काकाही ही गोष्ट सांगताना ताठ व्हायचे, डोळे भरून यायचे. आणि मग हमखास विचारायचे, “पण त्या दिवसांत भाजी कुणी विकली? पीठ कुठनं आलं? सरकार नव्हतं, तरी गाव जेवलं की. ते कसं जेवलं, हे कुणी लिहून ठेवलं नाही.” जुन्या पेठांतल्या म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन ते हे विचारत असत. फारसं काही हाती लागलं नाही. तरी विचारत राहिले.

आता मूळ गोष्टीकडे येते.

आमच्या पेठेत दर गुरुवारी बाजार भरतो. त्यात माझ्या दुकानासमोर, कडुनिंबापासून वळणापर्यंत घोंगडीवाल्यांची रांग बसते. सांगोला, मंगळवेढ्याकडच्या धनगरांच्या बायका. अकरा जणी. घरच्या मेंढरांची लोकर, घरीच विणलेली, चिंचोक्याची खळ लावून ताठ केलेली घोंगडी. त्यांच्यात सगळ्यात जुनी बाळाबाई. गिऱ्हाईक भावावर अडलं की ती बोलत नसे. घोंगडीचा खोलगा करायची, त्यात तांब्याभर पाणी ओतायची आणि गिऱ्हाइकाला खालून हात फिरवायला सांगायची. हात कोरडा निघायचा. मग गिऱ्हाईकही बोलत नसे.

एका गुरुवारी ऑफिसचं पथक आलं. कुठलं ऑफिस ते राहू द्या. पथकातला मुख्य माणूस म्हणाला, पुढच्या गुरुवारपासून इथे बसायचं नाही, रस्ता पार्किंगला दिलाय, बायपासच्या पलीकडे बसा. एवढं सांगून त्यांनी नमुन्यादाखल बाळाबाईच्या दोन घोंगड्या उचलून गाडीत टाकल्या.

काका टेबलामागून उठून आले. हात पुढे.

“काका, साहेबांनी सांगितलंय,” तो माणूस म्हणाला.

“साहेबांनी सांगितलं असेल. लिहिलंय का?”

तो हसला आणि गाडीत बसला. काका त्याच पावली टेबलाकडे वळले. अकरा जणींची नावं विचारून त्यांनी अर्ज लिहिला. मागण्या दोनच: आदेश लेखी द्यावा, आणि उचललेल्या दोन घोंगड्यांची पावती द्यावी. अर्ज स्वतः नेऊन दिला आणि पोच घेऊन आले.

आठ दिवसांनी खरंच लेखी नोटीस आली. चार ओळींची. जागेवर हक्क सांगणाऱ्यांनी पंधरा दिवसांत पुरावा सादर करावा, सुनावणीला यावं, अन्यथा जागा रिकामी करावी.

बाळाबाई नोटीस हातात धरून काकांपुढे उभी राहिली. “आता वो काका? तुमीच कागद मागितला. न्हाय मागितला असता तर इसरून तरी गेली असती ती मानसं.”

मलाही मनातून तसंच वाटत होतं. काका म्हणाले, “विसरली नसती. सणाच्या आधी, ऐन धंद्यात आठवली असती. आता निदान हे कुणी म्हणालं ते तरी कळलं.”

पुरावा कुठून आणायचा? आणला तो शेटेअण्णांनी. अण्णांचं पेठेत किराणा दुकान. घरात कन्नड, गल्ल्यावर मराठी. जुन्या काळी बाजारात कुणी कुठे बसायचं हे ठरवणाऱ्या माणसाला शेटे म्हणत, ते काम त्यांच्या घराण्याकडे होतं. अण्णा पत्र्याची एक नळी घेऊन आले आणि त्यांनी ती दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली. आत कागद होता. आजोबा-पणजोबांपासून चालत आलेला, कुणीच न वाचलेला.

काकांनी तो उलगडला आणि त्यांचा श्वास थांबलेला मला दिसला. “कौल आहे,” ते म्हणाले. “या बाजाराचा.”

पण कागदाच्या शेवटी, शिक्क्याच्या वर, चार बोटं रुंद पिवळा-लाल डाग होता. जाड, खरबरीत.

“हे काय, अण्णा?”

“पूजा, काका. दरवर्षी दसऱ्याला. ओली हळद, कुंकू, एक पळी पाणी. आमच्या आज्जाच्या आज्जापासून.”

काका भिंग लावून त्या डागाकडे कितीतरी वेळ बघत होते. “अण्णा, तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या याची पूजा केली. एकदा वाचून घेतला असता तर बरं झालं असतं.”

“हौदु, खरंय,” अण्णा म्हणाले आणि त्यांनी मान खाली घातली. त्यांच्या घरच्यांनी त्या कागदाला किती जपलं होतं, हे मी जाणते. त्या जपण्यानेच तो खाल्ला होता.

चार दिवस काकांनी दुसरं काम घेतलं नाही. पाचव्या दिवशी गुरुवार होता. बाजार बसण्याआधी अकरा जणी, अण्णा आणि मी टेबलाभोवती जमलो. काकांनी आपला फुलस्केप वाचायला घेतला. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी ही पेठ उजाड झाली होती. राज्याने ती पुन्हा वसवायला घेतली होती. घोंगडीवाल्यांनी पेठेच्या तोंडाशी सुखाने बसावं. सरकारचा कुणी माणूस किंमत दिल्यावाचून घोंगडी उचलणार नाही. उचलली तर तिची किंमत खजिन्यातून मिळेल आणि उचलणाऱ्याला जाब द्यावा लागेल. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीने पदर तोंडाला लावला. आपण इथे आज-काल आलेलो नाही, आपल्याला राजाने बोलावलं होतं, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी वाचून दाखवत होतं. माझ्याही अंगावर काटा आला.

“हा कौल चालेल तो…” काका थांबले. “इथं अक्षर गेलेलं आहे.”

फुलस्केपवर त्या जागी त्यांनी टिंबं दिली होती. एका ओळीत सात-आठ टिंबं.

म्हणजे कौल किती काळासाठी होता, एवढंच नेमकं हळदीखाली गेलं होतं. पाच वर्षं, दहा वर्षं, की कायमचा, ते त्या एका जागेवर होतं.

मी पुढे झाले. “काका, टिंबांच्या जागी ‘वंशपरंपरा’ लिहा. ही लिपी वाचणारे असे कितीक उरलेत? कोण तपासणार आहे?”

“मी तपासणार,” काका म्हणाले.

बाळाबाई त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसली. “काका, माज्या सासूनं हितंच घोंगडी इकली. मी हितंच म्हातारी झाले. सुनंला आनते आता, तिला गिऱ्हाईक कसं वळकायचं ते शिकवते. बायपासला कोन येतंय वो घोंगडी घ्यायला? तितं गाड्या थांबत्यात व्हय? एका शब्दानं तुमचं काय जातंय?”

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्यांना त्रास होत होता, ते दिसत होतं.

“बाळाबाई, राजानं लिहिलेलं मी खोडत नाही आणि न लिहिलेलं लिहीत नाही. सरकारनं खोटं केलं तर आपण कागद दाखवून भांडतो. आपलाच कागद खोटा असला, तर मग कशाच्या जोरावर भांडायचं?”

बाळाबाई उठली. तिच्यासाठी मागवलेला चहा टेबलावर तसाच राहिला. त्यानंतर कितीतरी दिवस ती काकांशी एक शब्द बोलली नाही.

मीही बोलले नाही, आणि खरं ते सांगून टाकते. त्या दिवशी प्रती काढायला तो फुलस्केप माझ्याकडेच होता. इतक्या वर्षांत काकांचं अक्षर मला हुबेहूब काढता येत होतं. मी पेन उचललं होतं. टिंबांवर धरलंही होतं. भीती सरकारची नव्हती. काकांनी प्रत हातात घेऊन एकदा माझ्याकडे पाहिलं असतं, ते मला सोसलं नसतं. मी पेन ठेवलं आणि प्रती काढल्या, टिंबांसकट.

सुनावणीला आम्ही सगळे गेलो. साहेब तरुण होते, तिशीतले. सकाळपासून पुरावे बघून वैतागलेले. आमच्या आधी एक गृहस्थ कुठल्याशा जागेची सनद घेऊन आले होते, ती बॉलपेनने लिहिलेली होती. साहेबांनी आमची फाइल उघडली तीच मुळी बंद करायच्या बेताने. वाचत वाचत ते टिंबांपर्यंत आले आणि थांबले.

“इथे काय होतं?”

“माहीत नाही, साहेब,” काका म्हणाले.

“तुमचा अंदाज?”

“माझ्या अंदाजाला काय किंमत? अक्षर गेलंय.”

साहेबांनी मान वर करून त्यांच्याकडे नीट पाहिलं. “तुमच्या बाजूचा एक शब्द इथे बसला असता. बसवला नाहीत?”

“नाही.”

साहेबांनी फाइल पुन्हा पहिल्या पानावर नेली आणि या वेळी सावकाश वाचली. मला वाटतं, त्या टिंबांमुळेच त्यांनी बाकीच्या ओळींवर विश्वास ठेवला. पण वाचून झाल्यावर ते म्हणाले तेही खरंच होतं. “काका, कागद अस्सल असेल. पण ते राज्य गेलं. याच्यावर आज हक्क सांगता येणार नाही.”

“हक्क सांगायला आणला नाही, साहेब. नमुना म्हणून आणलाय.”

“कसला नमुना?”

“सरकारनं बाजाराला कसं लिहावं त्याचा. तुमच्या नोटिशीत चार ओळी आहेत. चारी ओळींत या बायांनी काय करायचं ते आहे. ह्या कागदात बघा. निम्म्या ओळींत, सरकार काय करणार नाही, ते आहे.”

 मग मागून बाळाबाईचा आवाज आला. “आमाला तसला कागद द्या की.”

साहेबांनी विचारलं, त्या दोन घोंगड्यांचं काय झालं. पथकातली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी एक घोंगडी मिळाली ती पथकाच्याच गाडीत, ड्रायव्हरच्या सीटवर अंथरलेली. दुसरीचा पत्ताच लागला नाही. पहिली आत आणली तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, ही घरची आहे. बाळाबाईने ती झटकली, वास घेतला, साहेबांच्या टेबलावरची पाण्याची बाटली न विचारता उचलली आणि घोंगडीच्या खोलग्यात ओतली.

“खालनं हात लावा,” ती साहेबांना म्हणाली. “ही खळ माज्या हातची हाय.”

साहेबांनी हात लावला. हात कोरडा निघाला. कायद्याच्या दृष्टीने त्याने काय सिद्ध झालं ते मला ठाऊक नाही, पण ड्रायव्हरने पुढे वाद घातला नाही.

“मी फेरीवाल्यांच्या समितीपुढे ठेवतो,” साहेब म्हणाले. “तोवर बसा. कुणी उठवणार नाही.”

“लिहून?” काकांनी विचारलं.

साहेब हसले आणि त्यांनी तिथल्या तिथे दोन ओळी लिहून दिल्या. आम्ही निघताना त्यांनी काकांना सहज विचारलं, “तुम्ही बसता कुठे?”

“झेरॉक्सच्या दुकानासमोर. कडुनिंबाखाली.”

बाहेर आल्यावर मी त्यांच्या बाजूने चालत होते. माझा ऊर भरून आला होता. सत्तरीतला, धड इस्त्री नसलेल्या शर्टातला हा माणूस, आणि त्याने एका राज्याला दुसऱ्या राज्याच्या कागदावरून धडा घालून दिला होता, तोही आवाज न चढवता. मी त्यांना तसं म्हणून दाखवलं. ते म्हणाले, “धडा कसला. वाचून दाखवलं.” पण पायऱ्या उतरताना पाऊल हलकं पडत होतं, ते माझ्यापासून लपलं नाही.

समितीचं काम चाललं दोन-अडीच महिने. बाजार बसत राहिला. बाळाबाईने अबोला सोडला तो तिच्या पद्धतीने. एका गुरुवारी काकांच्या खुर्चीच्या पत्र्यावर एक घोंगडी घडी करून ठेवलेली होती. काकांनी विचारलं, ही कुणाची? बाळाबाई म्हणाली, “खुर्ची टोचत आसंल तुमाला,” आणि गिऱ्हाइकाकडे वळली.

मग एका सोमवारी काका आले नाहीत. ताप आहे असं कळलं. मंगळवारी मी जाऊन आले. अंथरुणाशेजारी भिंग होतं आणि कुणाचा तरी कागद अर्धा वाचून झालेला होता. “राहिलेला भाग उद्या,” ते म्हणाले. बुधवारी दुपारी ते गेले.

त्यानंतर बारा दिवसांनी ऑफिसचा माणूस पाकीट घेऊन माझ्या दुकानात आला. मी ते गुरुवारपर्यंत फोडलं नाही. गुरुवारी रांगेपुढे उभी राहून मी वाचलं. वाचायची सवय त्यांची होती, माझी नव्हे. दोनदा ओळ चुकले. जागा तीच, पेठेच्या तोंडाशी, कडुनिंबापासून वळणापर्यंत. वार गुरुवार. मुदत पाच वर्षं, पुढे नूतनीकरण. आणि मग उरलेल्या निम्म्या ओळी: पंचनामा आणि पावती याशिवाय कुणाचाही माल उचलला जाणार नाही. एक महिन्याच्या लेखी सूचनेशिवाय कुणालाही हलवलं जाणार नाही. तसं झाल्यास संबंधित कर्मचाऱ्याला जाब द्यावा लागेल. बायकांनी “परत वाचा” म्हटलं. मी परत वाचलं. शेटेअण्णा दुकान सोडून आले होते, ते तिथेच पायरीवर बसून डोळे पुसत होते.

खाली परवानाधारकांची यादी होती. मी नावं वाचत गेले, जिचं नाव येईल ती “व्हय” म्हणत गेली. अकरा झाली. पण यादी संपली नव्हती. बाराव्या नंबरला काकांचं नाव होतं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. पुढे लिहिलं होतं: अर्जलेखन व मोडी वाचन, एक टेबल, रोज.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि लाजही वाटली. त्यांचं टेबल त्याच रस्त्यावर होतं. ती नोटीस त्यांच्यावरही होती. बायपासला पाठवलं असतं तर त्यांनाही जावं लागलं असतं, आणि तिथे अर्ज कोण लिहून घेणार? आम्ही सगळ्यांनी त्यांच्याकडून अर्ज लिहून घेतला, कौल वाचून घेतला, त्यांच्यावर रुसलोसुद्धा, आणि बारावं नाव घालायचं आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. त्यांनी तर ते घातलंच नसतं. ते सुचलं त्या तरुण साहेबाला.

बाळाबाईने विचारलं, “काय झालं? कुनाचं नाव हाय?” मी सांगितलं. 

या रांगेची एक रीत आहे. एखादी आजारपणामुळे किंवा बाळंतपणामुळे आली नाही, तर शेजारीण तिच्या जागेवर घडी घातलेली घोंगडी ठेवते आणि त्या दिवशी तिथे कुणी बसत नाही. बाळाबाई उठली, आपल्या ढिगातली एक काळी घोंगडी तिने घेतली आणि कडुनिंबाखाली नेऊन ठेवली. तेव्हापासून एक गुरुवार चुकलेला नाही.

गेल्या महिन्यात पथकावर नवा माणूस आला. यादी हातात धरून तो एकेक जागा तपासत होता. कडुनिंबापाशी आला.

“बारा नंबर कोण?”

बाळाबाई गिऱ्हाइकाला घोंगडी दाखवत होती. तिने मान वर केली नाही.

“हाईत की. आज आलं न्हाईत.”

त्याने यादी पाहिली, जमिनीवरची घडी पाहिली, आणि ती न ओलांडता तो बाजूने निघून गेला.